दुव्याची दलाली : संलग्न विपणनाचा इतिहास आणि नवख्याचे प्रश्न (1989–2025)

बीजसंज्ञा : संलग्न विपणन, दलाली, संकेतस्थळ, कुकी, कर-आकारणी, शिफारस, प्रकटन

प्रस्तावना

स्वतःचे संकेतस्थळ उभारायचे, त्यावर एखाद्या विषयासंबंधी लेखन करायचे, त्या लेखनात दुसऱ्याच्या मालाकडे नेणारा दुवा ठेवायचा आणि वाचकाने त्या दुव्यावरून जाऊन खरेदी केली की विक्रेत्याकडून ठरलेले कमिशन घ्यायचे, या व्यवहारास इंग्रजीत 'अ‍ॅफिलिएट मार्केटिंग' म्हणतात. मराठीत त्याला 'संलग्न विपणन' असे म्हटले जाते. पदवी घेऊन नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला तरुण, घर सांभाळून चार पैसे मिळावेत अशी इच्छा असलेली गृहिणी, निवृत्तीनंतर आपल्या छंदाविषयी लिहू पाहणारा शिक्षक अशा अनेकांना हा व्यवसाय आकर्षित करतो. भांडवल थोडे, दुकान नाही, मालाचा साठा नाही, उधारी नाही. साहजिकच या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. कोणत्या मालाची शिफारस करावी? विक्री आपल्यामुळे झाली हे विक्रेत्याला कसे कळणार? कमिशन किती आणि ते केव्हा हाती येणार? आपल्याला पैसे मिळतात हे वाचकास सांगावे लागते काय? आणि मुळात वाचक यायचा कोठून?

हे प्रश्न वरवर पाहता केवळ व्यावहारिक वाटतात व त्यांची उत्तरेही मार्गदर्शक पुस्तिकांतून दोन-दोन ओळींत दिली जातात. तथापि त्या दोन ओळींमागे सुमारे साडेतीन दशकांचा इतिहास आहे. यांतील प्रत्येक प्रश्न केव्हा ना केव्हा वादाचा, काही वेळा खटल्याचा विषय झालेला आहे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या व्यवसायातील नियम तंत्रज्ञानाने आपोआप घडवले नाहीत. विक्रीची मोजणी कोणाच्या हाती आहे आणि जोखीम कोणाच्या माथी आहे, या दोन बाबींनी ते घडवले. हा व्यवसाय अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जन्मला व वाढला, म्हणून विवेचनाचा मोठा भाग तेथील घडामोडींविषयीचा आहे. महाराष्ट्राचा संदर्भ जेथे खरोखर प्रकाश टाकतो तेथेच घेतला आहे.

'दलाल' या शब्दाचा पूर्वार्थ

मराठीत दलाल हा शब्द आज काहीशा तुच्छतेने उच्चारला जातो. मूळ अरबी शब्दाचा धातू मात्र 'वाट दाखवणे', 'निर्देश करणे' या अर्थाचा आहे. दलाल म्हणजे वाट दाखवणारा. संकेतस्थळावरील दुवाही याहून वेगळे काही करत नाही. तो वाचकास दुसऱ्याच्या दुकानाची वाट दाखवतो. शब्द आणि वस्तू यांच्यातील हे साम्य योगायोगाचे असले तरी व्यवसायाचे स्वरूप समजण्यास उपयोगी आहे.

वाट दाखवणाऱ्याचा मोबदला हा प्रश्न महाराष्ट्रातील बाजारपेठांना नवा नव्हता. वऱ्हाडातील कारंजा येथे 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातील अशा प्रकारचा पहिला मानला जातो. त्यानंतर 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, 1927 मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजारांचा कायदा आला आणि 1963 मध्ये महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (नियमन) अधिनियम संमत झाला. या सर्व प्रयत्नांमागे एकच तक्रार होती. माल आणणाऱ्याला सौदा दिसत नसे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची 'हत्ता' पद्धत प्रसिद्धच आहे. शेतकरी शेजारी उभा असूनही भाव मात्र खरेदीदार आणि अडत्या यांनाच कळे. म्हणूनच नियमनाचा भर वजन, परवाना आणि उघड नोंद यांवर राहिला. अडत कोणी द्यावी हा वाद तर शतकभर मिटला नाही. महाराष्ट्रात 2016 मध्ये ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा बाजार बंद ठेवण्यापर्यंत मजल गेली.

दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. 1972 मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत स्त्री-प्रतिनिधी घरोघरी जाऊन टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करीत व त्यावर चार टक्के कमिशन मिळवीत. हप्त्याची नोंद ठेवीदाराकडील कार्डावर होत असे. किती घरे, किती हप्ते, किती कमिशन हे प्रतिनिधीला स्वतःच्या वहीत पाहून सांगता येत होते. संलग्न विपणनात नेमकी हीच वही प्रतिनिधीच्या हातून गेली. पुढील सर्व इतिहास या एका फरकाभोवती फिरतो.

फुले, तबकड्या आणि पुस्तके

या व्यवसायाचा आरंभ सामान्यतः विल्यम टोबिन यांच्या 'पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स' या उद्योगापासून मानतात. 1989 मध्ये 'प्रॉडिजी' या सशुल्क संगणक-जाळ्यावर त्यांनी फुलांची विक्री सुरू केली. आजचे वेब तेव्हा अस्तित्वात यायचे होते. प्रॉडिजीला विक्रीतील वाटा मिळे. म्हणजे जागेचे भाडे देण्याऐवजी विक्रीचा अंश द्यायचा, हा या व्यवहाराचा गाभा तेथेच आढळतो. 1995 पर्यंत हा उद्योग वेबवर आला होता आणि 2,600 भागीदार त्याच्याशी जोडले गेले होते. टोबिन यांनी 1996 च्या जानेवारीत या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते 2000 मध्ये मंजूर झाले.

दरम्यान 1994 मध्ये ध्वनिमुद्रिकांची विक्री करणाऱ्या 'सीडीनाऊ'ने 'बायवेब' ही योजना आणली. संगीताविषयी लिहिणाऱ्या संकेतस्थळांनी तबकडीचे परीक्षण लिहावे आणि तेथूनच खरेदीचा दुवा द्यावा, अशी ही कल्पना होती. गेफेन रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीशी झालेल्या बोलण्यांतून ती निघाली. कंपनीला स्वतःच्या कलावंतांच्या तबकड्या आपल्या संकेतस्थळावरून विकायच्या होत्या, पण विक्री आणि पाठवणी यांचा व्याप नको होता. येथे लेखन आणि विक्री यांची प्रथमच गाठ पडली. फुलांच्या दुकानाकडे नेणाऱ्या दुव्यास मजकुराची गरज नव्हती. तबकडीच्या दुव्यास ती होती, कारण कोणती तबकडी घ्यावी हे सांगणारा कोणीतरी जाणकार वाचकास हवा असतो.

या कल्पनेला व्यापक रूप दिले ते अ‍ॅमेझॉनने. 1995 च्या जुलैत पुस्तकविक्री सुरू करणाऱ्या या कंपनीने बरोबर एका वर्षाने, 1996 च्या जुलैत, 'असोसिएट्स' कार्यक्रम जाहीर केला. घटस्फोटाविषयी संकेतस्थळ चालवणाऱ्या एका स्त्रीने मेजवानीत जेफ बेझोस यांना त्या विषयावरील पुस्तके आपल्या पानावरून विकता येतील काय असे विचारले आणि त्यातून हा कार्यक्रम सुचला, अशी कथा वारंवार सांगितली जाते. व्यापारी कंपन्यांच्या जन्मकथा जरा सावधपणेच ऐकाव्यात. तरी ही कथा एका अर्थी बोलकी आहे. पुस्तकांच्या विक्रेत्यापाशी ग्रंथ होते. पण घटस्फोटाच्या प्रसंगातून जाणाऱ्या माणसाशी बोलण्याचा अधिकार त्या स्त्रीपाशी होता. कमिशन दिले जाणार होते ते या अधिकाराचे.

'कोणत्या मालाची शिफारस करावी' या नवख्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या आरंभातच दडलेले आहे. ज्या विषयात लिहिणाऱ्याचा शब्द वाचक मानतो, त्या विषयातील मालाची. अधिक कमिशनाचा माल आधी निवडून मग त्यावर लेखन करण्याची रीत नंतरची होय, आणि तिने व्यवसायाचे किती नुकसान केले हे पुढे दिसेल.

अ‍ॅमेझॉनने या पद्धतीच्या एकस्वासाठी 1997 च्या जूनमध्ये अर्ज केला व 22 फेब्रुवारी 2000 रोजी त्यास 6,029,141 क्रमांकाचे एकस्व मिळाले. टोबिन यांचे एकस्व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आले. एकाच व्यवहारपद्धतीशी निगडित अशी दोन एकस्वे एका वर्षात दिली जावीत, यावरून त्या काळी संगणकीय व्यवहारांबाबत एकस्व-कार्यालयाची धांदल कशी उडाली होती याची कल्पना येते.

विक्री कोणाच्या खाती?

वेबची मूळ रचना विस्मरणशील आहे. वाचकाने एक पान मागितले, ते दिले, की संगणकाच्या लेखी तो वाचक संपला. पुढचे पान मागणारा तोच की दुसरा, हे त्यास ठाऊक नसते. पानफुटाणे विकणाऱ्याला हे चालेल, पण पाटी भरून खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दुकानाला चालत नाही. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतील अभियंता लू मॉन्टुली यांनी यावर 'कुकी'चा तोडगा काढला. वाचकाच्या संगणकावर एक छोटी चिठ्ठी ठेवायची व पुढच्या भेटीत ती परत वाचायची. ही सोय मुळात खरेदीची टोपली लक्षात ठेवण्यासाठी होती. संलग्न विपणनाने तिच्यावर दलालीचा हिशेब चढवला. दुव्यावर क्लिक केले की दलालाचा सांकेतिक क्रमांक चिठ्ठीवर लिहिला जातो आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली की कमिशन त्या क्रमांकाच्या खाती जमा होते.

मुदत किती, हा पहिला व्यावहारिक प्रश्न. काही विक्रेते तीस दिवस देतात, काही त्याहून अधिक. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील नियमांत ती 24 तासांची आहे. त्या अवधीत वस्तू टोपलीत टाकली गेली तर मात्र ती पुढे 90 दिवस ग्राह्य धरली जाते. सकाळी परीक्षण वाचून दोन दिवस घरात विचारविनिमय करून मग घेतलेल्या शीतकपाटाचे कमिशन, अशा नियमाखाली, परीक्षण लिहिणाऱ्यास मिळत नाही. नवखा येथे बहुधा प्रथम गोंधळतो. वाचक आले, त्यांनी माल घेतला असेही त्यांनी कळवले, पण खात्यावर काहीच नाही.

दुसरा प्रश्न अनेक वाटाड्यांचा. एका वाचकाने तीन संकेतस्थळे वाचली व तिन्हींवरील दुव्यांवर क्लिक केले, तर मोबदला कोणास? व्यवसायाने याचे उत्तर 'शेवटच्या क्लिकला' असे दिले. मोजायला ते सोपे होते, म्हणून ते रूढ झाले. न्याय्य होते म्हणून नव्हे. ज्याने तासन्‌तास अभ्यास करून वाचकाचे मत घडवले त्याच्यापेक्षा, पैसे भरण्याच्या क्षणी सवलतीचे कूपन दाखवणाऱ्याचे पारडे या नियमाने जड केले.

मोजणीवरील अविश्वास कमी करण्यासाठी मध्यस्थांचाही मध्यस्थ उभा राहिला. 1996 मध्ये न्यूयॉर्क येथे 'लिंकशेअर' आणि 1998 मध्ये कॅलिफोर्नियात 'कमिशन जंक्शन' या कंपन्या निघाल्या. विक्रेता आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये बसून त्या क्लिक मोजत, हिशेब ठेवत व पैसे वाटत. बाजार समितीतील मापाड्याशी त्यांची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु एक भेद विसरता येत नाही. मापाड्याचा परवाना सार्वजनिक संस्था देते, या जाळ्यांना शुल्क मात्र विक्रेताच देत असे. पुढे 2003 मध्ये कमिशन जंक्शन 'व्हॅल्यूक्लिक'ने घेतली आणि 2005 मध्ये जपानच्या 'राकुटेन'ने लिंकशेअर 42.5 कोटी डॉलरला विकत घेतली. मोजणी हाच एक मोठा धंदा झाल्याचे यावरून दिसते.

मोजमाप चिठ्ठीवर असले की खोट्या चिठ्ठ्याही येणारच. वाचकाने क्लिक न करताच त्याच्या संगणकावर दलालाची कुकी गुपचूप ठेवायची व तो पुढे कधी आपणहून त्या दुकानात गेला की कमिशन लाटायचे, या प्रकारास 'कुकी स्टफिंग' म्हणतात. ईबे कंपनीने 2008 मध्ये आपल्या सर्वांत मोठ्या दलालांपैकी काहींवर या कारणासाठी दावा लावला. प्रकरण फौजदारी झाले व 2014 मध्ये दोघांना कारावासाची शिक्षा झाली. लक्षणीय गोष्ट ही की, फसवणूक करणारे किरकोळ नव्हते. ज्यांना सर्वाधिक कमिशन मिळत होते तेच यात सापडले. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या छोट्या संकेतस्थळांची किती कमिशने या खोट्या चिठ्ठ्यांखाली पुसली गेली असतील, याचा हिशेब कोणी मागितला नाही. दावा लावण्याची ऐपत विक्रेत्याची होती.

दलाल की फलक?

या इतिहासातील सर्वांत उद्‌बोधक प्रकरण करविषयक आहे, आणि त्यावर मार्गदर्शक पुस्तिकांतून क्वचितच काही आढळते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या क्विल खटल्यात असा निर्णय दिला होता की, ज्या राज्यात विक्रेत्याची प्रत्यक्ष उपस्थिती नाही, त्या राज्यास त्याच्याकडून विक्रीकर वसूल करवून घेता येणार नाही. टपालाने माल पाठवणाऱ्यांसाठीचा हा नियम संगणकीय विक्रेत्यांना वरदान ठरला. दुकान, गोदाम, प्रतिनिधी काहीच राज्यात नसल्याने कर लावण्याची जबाबदारी नाही, आणि स्थानिक दुकानदारापेक्षा माल तेवढ्याने स्वस्त.

2008 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्याने यावर युक्ती काढली. राज्यातील रहिवासी कमिशनच्या बोलीवर दुव्याद्वारे गिऱ्हाइके पाठवत असतील आणि अशा रीतीने मागील चार तिमाहींत दहा हजार डॉलरहून अधिक विक्री झाली असेल, तर विक्रेत्याचे प्रतिनिधी राज्यात आहेत असे गृहीत धरण्यात येईल, असा कायदा झाला. अ‍ॅमेझॉनने कर गोळा करण्यास सुरुवात केली, पण त्याचबरोबर कायद्याला आव्हान दिले. 'ओव्हरस्टॉक' या कंपनीने तर न्यूयॉर्कमधील आपल्या दलालांशी संबंधच तोडले.

न्यायालयापुढील प्रश्न मूलगामी होता. आपल्या स्वयंपाकघरात बसून पाककृती लिहिणारी व शेवटी एका भांड्याचा दुवा देणारी व्यक्ती विक्रेत्याची प्रतिनिधी आहे, की ती केवळ जाहिरातीचा फलक लावण्यास जागा देणारी? विक्रेत्याचे म्हणणे असे की, ही जाहिरात आहे. वृत्तपत्रात जाहिरात दिली म्हणून वृत्तपत्र कोणाचा प्रतिनिधी होत नाही. राज्याचे म्हणणे असे की, फलकाचे भाडे विक्रीवर अवलंबून नसते; विक्रीच्या प्रमाणात पैसे मिळतात तेव्हा माणूस गिऱ्हाईक गाठण्याची खटपट करतो आणि ही खटपट प्रतिनिधीचीच होय. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने 2013 च्या मार्चमध्ये राज्याच्या बाजूने निर्णय दिला व त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले.

निकाल लागेपर्यंत इतर राज्ये थांबली नाहीत. 2009 मध्ये ऱ्होड आयलंड व नॉर्थ कॅरोलिना, 2011 मध्ये इलिनॉय, आर्कान्सा, कनेटिकट अशी मालिका सुरू झाली. प्रत्येक वेळी अ‍ॅमेझॉनने त्या राज्यातील सर्व दलालांची खाती बंद केली. कोलोरॅडोचा 2010 चा कायदा काहीसा निराळा होता, तरी तेथेही तेच घडले. 2011 च्या जूनअखेर कॅलिफोर्नियातील हजारो संकेतस्थळचालकांना एका पत्राने कळले की, त्यांचा करार संपला आहे. वर्षानुवर्षे लिहिलेले लेख तसेच होते, वाचकही होते. दुव्यांची किंमत मात्र एका रात्रीत शून्य झाली. सप्टेंबरमध्ये राज्य आणि कंपनी यांच्यात तडजोड झाल्यावर खाती पुन्हा उघडली. वाटाघाटीच्या मेजाशी राज्य होते, कंपनी होती, मोठ्या दुकानदारांचे प्रतिनिधी होते. ज्यांच्या उपस्थितीवरून वाद उभा राहिला त्या छोट्या लेखकांचा आवाज त्यांत क्षीणच होता.

2018 च्या जूनमध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्विलचा निर्णयच रद्द केला. प्रत्यक्ष उपस्थितीची अट गेली आणि दलाल प्रतिनिधी की फलक हा प्रश्न करापुरता निरर्थक ठरला. तत्त्व म्हणून त्याचा निकाल आजही पूर्णपणे लागलेला नाही. कर टाळायचा असेल तेव्हा दलाल हा फलक असतो. नियम पाळायला लावायचे असतील तेव्हा तो करारबद्ध सहकारी असतो. दोन्ही भूमिका एकाच करारपत्रात सुखाने नांदतात.

दर कोण ठरवतो?

कमिशन किती, या प्रश्नाचे उत्तर करारपत्रात असते आणि करारपत्र एकतर्फी बदलता येते. अ‍ॅमेझॉनने सुरुवातीच्या वर्षांत पुस्तकांवर 15 टक्क्यांपर्यंत कमिशन दिले. तेव्हा कंपनीला जगभरच्या पानांवर आपले नाव हवे होते. पुढे विक्रीच्या संख्येनुसार चढणारे दर आले. 2017 मध्ये ते बंद करून मालाच्या प्रकारानुसार ठरीव दर लावण्यात आले. 21 एप्रिल 2020 पासून, म्हणजे टाळेबंदीमुळे लोक घरात बसून संगणकावरून खरेदी करीत होते त्याच सुमारास, फर्निचर व गृहोपयोगी वस्तूंवरील दर आठवरून तीन टक्क्यांवर आणि किराण्यावरील दर पाचवरून एक टक्क्यावर आला. जाहीर केल्यापासून अंमलापर्यंत जेमतेम आठवडा होता. शंभर डॉलरच्या खुर्चीवर काल आठ डॉलर मिळणाऱ्यास आज तीन मिळू लागले. खुर्चीचे परीक्षण लिहिण्याचे श्रम तेवढेच राहिले.

पैसे हाती येण्यास लागणारा अवधी हीसुद्धा नवख्याची नेहमीची तक्रार. माल परत येऊ शकतो, म्हणून महिना संपल्यानंतर सुमारे साठ दिवसांनी रक्कम देण्याची प्रथा आहे. याखेरीज नव्या खात्यास 180 दिवसांत तीन ग्राह्य विक्री दाखवाव्या लागतात, अन्यथा खाते बंद होते. आणि स्वतःच्या दुव्यावरून स्वतः केलेली खरेदी धरली जात नाही. उत्साहाने नातेवाईकांना दुवे पाठवणारे अनेकजण येथेच अडखळतात. जोखमीची वाटणी पाहिली तर चित्र स्पष्ट होते. वृत्तपत्रातील जाहिरातीत विक्री होवो न होवो, जागेचे पैसे द्यावे लागतात, म्हणजे जोखीम विक्रेत्याची. संलग्न विपणनात विक्री झाली नाही तर विक्रेत्याचे काहीच जात नाही. लेखनाचे श्रम, संकेतस्थळाचे शुल्क आणि प्रतीक्षा ही सारी लिहिणाऱ्याची.

शिफारस आणि जाहिरात

कमिशन मिळते हे वाचकास सांगावे काय? प्रारंभीच्या दशकात बहुतेकांनी सांगितले नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शिफारशींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे 1980 मध्ये प्रसिद्ध केली होती, परंतु ती दूरचित्रवाणी व मुद्रित जाहिराती डोळ्यांपुढे ठेवून. 2009 मध्ये त्यांत सुधारणा करून संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांनाही विक्रेत्याशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक ठरवण्यात आले. 2023 मध्ये ती पुन्हा सुधारली गेली.

भारतात ही जाणीव उशिरा आली. मुंबईस्थित अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने 2021 मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी नियम केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 9 जून 2022 रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली व 2023 च्या जानेवारीत शिफारस करणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. आर्थिक लाभ, भेटवस्तू, फुकट मिळालेला माल यांतील कोणताही संबंध साध्या व स्पष्ट भाषेत, ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत, सांगितला पाहिजे असा त्यांचा आशय आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत व पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद अधिनियमात आहे. मराठीत लिहिणाऱ्याने प्रकटनाची ओळ इंग्रजीत, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत टाकून भागणार नाही, असा याचा सरळ अर्थ होतो. प्रत्यक्षात नेमके हेच पुष्कळ ठिकाणी चालते.

प्रकटनाने विक्री घटते या भीतीत फारसे तथ्य असल्याचे व्यवसायाच्या इतिहासावरून दिसत नाही. 2011 मध्ये निघालेल्या 'वायरकटर' या संकेतस्थळाने कमिशन मिळते हे उघड सांगून वस्तूंची दीर्घ तपासणी प्रसिद्ध केली आणि 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे तीन कोटी डॉलर देऊन विकत घेतले. वाटाड्याची फी ठाऊक असूनही वाटसरू त्याच्या मागून गेले, कारण वाट बरोबर निघत होती.

वाचक कोठून येतो?

उरला तो शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. बहुसंख्य संकेतस्थळांकडे वाचक शोधयंत्रातून येतो, म्हणजे त्याचा ओघ तिसऱ्याच कंपनीच्या मर्जीवर असतो. अधिक कमिशनाचा माल निवडायचा, निर्मात्याने दिलेले वर्णन जसेच्या तसे उतरवायचे आणि वस्तू कधी हाताळलीही नसताना 'सर्वोत्तम दहा' अशी यादी छापायची, या रीतीने 2000 नंतरच्या दशकात शोधयंत्रे भरून गेली. गुगलने अशा पानांना मार्गदर्शक सूचनांतून नापसंती दर्शवली. 2011 च्या फेब्रुवारीत 'पांडा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बदलाने पातळ मजकुराची पाने खाली ढकलली. 2019 मध्ये पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी वेगळी खूण सुचवण्यात आली आणि 2021 च्या एप्रिलपासून वस्तूंच्या परीक्षणांत प्रत्यक्ष वापराचा पुरावा शोधण्यास प्रारंभ झाला. या प्रत्येक फेरबदलात दोषींबरोबर काही निर्दोषही बुडाले. 2024 मध्ये तर नामांकित वृत्तपत्रांच्या नावाखाली चालणाऱ्या खरेदी-विभागांवरही कारवाई झाली. छोट्यांची रीत मोठ्यांनी केव्हाच उचलली होती.

त्याच सुमारास चिठ्ठीचा पायाही हलला. अ‍ॅपलने 2017 मध्ये आपल्या सफारी ब्राउझरमध्ये इतरांच्या कुकींवर निर्बंध आणले. गुगलने 2020 मध्ये क्रोममधून तशा कुकी काढून टाकण्याचे जाहीर केले, मुदती वारंवार पुढे ढकलल्या आणि 2024 च्या जुलैत बेत सोडून दिला. सुमारे साडेचार वर्षे साऱ्या व्यवसायाने त्या एका घोषणेच्या धास्तीत काढली.

2024 च्या डिसेंबरात कूपन शोधून देणाऱ्या 'हनी' या ब्राउझर-विस्तारावर असा जाहीर आरोप झाला की, खरेदीच्या अखेरच्या क्षणी तो मूळ शिफारसकर्त्याचा क्रमांक काढून त्या जागी आपला क्रमांक घालतो. पेपॅल कंपनीने हा विस्तार सुमारे चार अब्ज डॉलरला घेतला होता. अमेरिकेत अनेक निर्मात्यांनी एकत्र येऊन दावे दाखल केले. 2025 च्या मार्चमध्ये गुगलने क्रोमच्या विस्तारांसाठीचा नियम बदलला. वापरकर्त्याला प्रत्यक्ष सवलत वा अन्य लाभ दिल्याखेरीज विस्ताराने दलालीचा दुवा घालू नये, असे त्यात म्हटले आहे. सवलत खरोखर दिली असेल तर शेवटचा क्रमांक मात्र अजूनही विस्ताराचाच लागू शकतो.